ज्या शब्दाचा अर्थ मला माहीत होता

माझी चूक आधी सांगतो. गुरुजी गेले त्याच्या आदल्या दुपारी आदिलाबादच्या दवाखान्यातून गुरुजींच्या पत्नीनं, काकूंनी, मला फोनवर डॉक्टरांच्या एका कागदाचा फोटो पाठवला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : ग्रेव्ह. "काय लिवलं रे दिनू? सुमनले बलावू का?" काकूंनी विचारलं. मी हैदराबादेत होतो आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. खरं सांगितलं असतं तर मला लगेच निघावं लागलं असतं. "थोडं गंभीर हाय काकू, घाई नोका करू," मी म्हणालो... पहाटे गुरुजी गेले. त्यांची एकुलती एक लेक, सुमन, बेल्लमपल्लीहून बसनं पोचली तेव्हा फक्त चेहरा बघायचा उरला होता.

आणि हा शब्द मला गुरुजींनीच शिकवला होता. तामसीच्या शाळेत आम्ही असल्या प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे 'गंभीर' लिहून मोकळे व्हायचो. ते वही आपटायचे. "समदं गंभीरच काऊन रे? पोळ्याले बैल ओवाळताना तुही माय कशी दिसते? थे सॉलम. लग्नातबी धोतर सावरत हळू चालते तुहा आजा, थो सेडेट." मागून कोणीतरी विचारलं, "अन् तुमी, गुरुजी?" "मी? तुमचे पेपर तपासेपर्यंत सोबर!" वर्ग हसला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "अन् डॉक्टर काईच न बोलता चष्मा पुसत बसते, तवा ग्रेव्ह. हा शब्द आला का हातातलं काम टाकून निघाचं."

महिन्यानं तामसीला गेलो. ओसरीवर त्यांचा लहान फळा अजून आहे. रोज सकाळी ते त्यावर एक शब्द लिहीत. शेवटचा शब्द काकूंनी पुसलेला नाही, पण आता तो वाचता येत नाही... काकू म्हणाल्या, "तुहा फोन झाल्यावर यायनं थो कागद मागतला. वाचला, घडी केली. मले मन्ले, दिनू काय मन्ला? मी सांगतलं. मंग थो कागद उशीखाली सारला. सुमनचा फोटो पायत राह्यले."

त्यांनी माझं खोटं ओळखलं होतं आणि झाकलं होतं. सुमन चहा घेऊन आली. मी कप तसाच खाली ठेवला.

"सुमन, त्या शब्दाचा अर्थ मले मालूम होता. घरचं साक्षगंध होतं म्हून मी खोटं बोललो. तुही अन् गुरुजीची भेट मी चुकोली. माफ कर, माय."