लेनने दुसऱ्यांदा फोन केला नाही

लेन हॅगेट गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली. लेन आमच्या घरापासून तीन मैलांवर राहायचा, आणि बातमी आली ती अडीच तासांवरच्या कॉलेजातून. आमचे संबंध कुठवर आले होते ते यावरून कळेल. सुजाता फोनवर रडली नाही. "बाबा, कोच गेला. मी शनिवारी येतेय, आपण त्याच्या घरी जाऊ," एवढंच म्हणाली. ती 'आपण' म्हणाली. नाही म्हणायला कारण सापडेना, आणि जायची हिंमत होईना...

अमेरिकेत, नेपरव्हिलच्या बाहेर, माझं जुन्या गाड्यांचं दुकान आहे. नागपूरहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या लॉटवर, म्हणजे विक्रीच्या गाड्या लावायच्या आवारात, गाड्या धूत होतो. आज लॉट माझा आहे, आणि तो मला कुणी बक्षीस दिलेला नाही. लेन तिथे एक निळी स्टेशन वॅगन घ्यायला आला होता. मी नेहमीप्रमाणे किंमत चढवून सांगितली. त्याने "बरं" म्हणून चेकबुक काढलं. वीस वर्षांच्या धंद्यात असं कुणी केलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, झाला अपमान. "अरे, काहीतरी कमी करायला सांग," मी म्हणालो. तो म्हणाला, "तू सांगितलीस ना किंमत?" शेवटी मीच माझ्याशी घासाघीस करून किंमत उतरवली. गजभिये हे आडनाव त्याला जमेना, म्हणून त्या दिवसापासून मी 'गॅज' झालो.

महायुद्ध संपल्यावर लेन इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळला. चौदा वर्षं, सहा क्लब, सगळे खालच्या डिव्हिजनमधले. उजव्या बाजूचा बचावपटू. अशा खेळाडूंची नावं त्या त्या गावातही पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाहीत. करार वर्षभराचा असायचा. हंगाम संपला की क्लब यादी लावायचा... कोण राहिला, कोण सुटला. ज्याला ठेवलं त्याला क्लबच्या मर्जीशिवाय दुसरीकडे जाता यायचं नाही, आणि ज्याला सोडलं त्याने का म्हणून विचारायचं नाही. दर वर्षी ते चार-सहा दिवस घरात कुणी नीट जेवायचं नाही, असं त्याची बायको डोरीन सांगायची. एका वर्षी तर नवऱ्याला काढल्याचं तिला खाटकाच्या दुकानात कळलं. खाटकाने पेपरात वाचलं होतं. हे ऐकून माझंच डोकं फिरलं. "तू भांडला का नाहीस?" मी लेनला विचारलं. "कुणाशी?" तो म्हणाला, आणि खरंच माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेने पाहत राहिला.

पुढे अमेरिकेत एक नवी लीग निघाली, तिच्यासाठी तो प्रशिक्षक म्हणून आला. लीग बुडाली, हा राहिला. एका शाळेत देखभालीचं काम करून निवृत्त झाला आणि गावातल्या मुलींची टीम शिकवू लागला. त्या टीममध्ये यादी लावायची नाही, हा त्याचा नियम. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जिला घ्यायचं तिच्या घरी फोन, जिला वगळायचं तिच्या घरी तो स्वतः जायचा. त्यामुळे त्या आठवड्यात फोन वाजला की जीव भांड्यात पडायचा आणि दारात गाडी थांबली की संपलं.

सुजाता पंधरा वर्षांची होती तेव्हा ती निळी वॅगन आमच्या दारात थांबली. इंजिनाचा आवाज मी स्वयंपाकघरातून ओळखला, मीच विकली होती ती. लेनने मला सांगितलं, "गॅज, हे तिच्याशी बोलायचं आहे," आणि माझ्याच घरात मला बाहेर उभं केलं. डावा पाय सुधार, पुढच्या वर्षी ये, असं त्याने तिला सांगितलं. ती गप्प राहिली. मी नाही राहिलो. त्याच उन्हाळ्यात टीमच्या जर्सी मी करून दिल्या होत्या. सोळा मुली माझ्या दुकानाचं नाव पाठीवर घेऊन धावणार आणि माझी मुलगी घरी. मी ड्राइव्हवेवर उभं राहून त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो ऐकून घेऊन गेला. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही, हेही खरं.

सुजाताने वर्षभर गॅरेजच्या दारावर डाव्या पायाने चेंडू मारला. दाराला पोचे पडले. पुढच्या ऑगस्टमध्ये ती फोनपासून हलेना. आंघोळीलाही दार उघडं ठेवून जायची. आणि फोन आला तो नेमका ती आईबरोबर ग्रोसरीला गेली असताना. लेन म्हणाला, "गॅज, ती आत आहे." मी म्हणालो, "तिला आता इंटरेस्ट नाही."

माझ्या धंद्यात याचा अर्थ एकच होतो: पुन्हा विचार. गिऱ्हाईक उठून दारापर्यंत जातं, आपण हाक मारतो. मी त्याच्या हाकेची वाट पाहत होतो. तो म्हणाला, "कळलं. तिला सांग, पाय छान झालाय," आणि फोन ठेवला. टीमची नावं लेनला शुक्रवारी द्यायची होती. मी दुकानातून दर तासाला घरी फोन करून कुणाचा फोन आला का विचारत होतो. कल्पनाला, माझ्या बायकोला, वाटलं मी मुलीसाठी हळवा झालोय. शुक्रवार गेला. सुजाताने बूट कोठीत टाकले. मी बोललो नाही... आणि नंतर बोलायला फार उशीर झाला होता.

त्या शनिवारी लेनच्या घरी जाताना सुजाता गाडीत म्हणाली, "पहिल्या वर्षी निदान घरी आला होता. दुसऱ्या वर्षी नॉट इव्हन अ कॉल. मला ते आवडलं नाही, बाबा. आय नेव्हर टोल्ड हिम." मी रस्त्याकडे पाहत ड्राइव्ह करत राहिलो.

डोरीनने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. चहा ओतता ओतता ती सहज सुजाताला म्हणाली, "तुमच्या घरी फोन केला त्या आठवड्यात तो या फोनजवळून उठला नाही बघ. मी म्हटलं, तूच कर परत फोन. तर म्हणाला, गॅज आधी ताणतो, मग आपणच खाली येतो, गाडी घेताना पाहिलंय मी, तोच करेल फोन. कुणी नाही म्हटल्यावर परत विचारायला लेनला कधी जमलंच नाही."

सुजाताने कप खाली ठेवून मला विचारलं, "फोन आला होता?"

"हो."

"आणि तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. डोरीनसमोर, मराठीत, मान खाली घालून. सुजाताने विचारलं, "त्याने परत फोन केला असता तर तू काय मागणार होतास?"

आयुष्यभर मी आकडा मनात ठरवूनच तोंड उघडलं. त्या फोनच्या वेळी माझ्याकडे आकडाच नव्हता. "काही नाही," मी म्हणालो. "त्याने फक्त परत विचारायला हवं होतं."

ती उठली आणि भिंतीवरच्या फोनजवळ एक लाकडी खुर्ची होती तिच्यावर जाऊन बसली. टेबलापासून दूर, भिंतीकडे तोंड केलेली. जेवायला कुणी अशी ठेवणार नाही. डोरीन म्हणाली, ती लेनची जागा, मी हलवलेली नाही.