अंगठ्याखालची नाडी

नाडी अंगठ्यानं मोजायची नाही, हे नर्सिंगच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पेशंटची मोजायला जावं आणि आपलीच मोजून यावं! मी लोणंदची, वर्गात पहिली आलेली, आणि सांगलीत ऑपरेशन थिएटरला लागल्यावर नेमकं हेच केलं. मोठे सर्जन दारात दिसले की माझ्या छातीत असं धडधडायचं, की बोटं कुठं ठेवली याचंही भान राहायचं नाही. मी कागदावर लिहिलं, एकशेवीस. सर्जननी कागद बघितला, ऑपरेशन पुढं ढकललं आणि निघून गेले.

पेशंट वाळव्याकडचा ऊसवाला, फौजेतून रिटायर झालेला. हर्नियासाठी आला होता आणि सकाळपासून उपाशी होता.

"आवं बाई, बॉर्डरवर कवा पळाली न्हाई माझी नाडी, ती तुमच्या हितं पळंल व्हय?"

थिएटरच्या इनचार्जबाईंनी त्याचं मनगट धरलं. बहात्तर. मग माझं धरलं. एकशेवीस. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मला.

"पंधरा दिवस देते," त्या म्हणाल्या. "सुधारलीस तर ठीक, नाहीतर परत वॉर्डात."

थिएटरसाठी मी दोन वर्षं वाट बघितली होती. लिननच्या खोलीत जाऊन पोटभर रडले.

आमच्या दवाखान्यात सांगलीतल्याच विश्रामबागेत राहणारे एक डॉक्टर होते. त्यांना रेडिओ खोलायचा भारी नाद. सत्तरच्या दशकात परदेशी मासिकं वाचून त्यांनी एक यंत्र जुळवलं होतं. बोटाला चिमटा लावायचा. ठोका पडला की टिक वाजायचं आणि काटा नाडीचा आकडा दाखवायचा. काट्याकडं बघत श्वास सावकाश सोडत राहिलं की काटा खाली येतो, आणि दवाखान्यातल्या माणसांच्या जिवाची घालमेल कमी होते, असं त्यांचं म्हणणं. फक्त बकरा मिळत नव्हता. मी आयतीच गावले.

पहिल्या दिवशी काटा एकशेदहावर, दुसऱ्या दिवशी एकशेपंधरा. यंत्र बिघडलं म्हणून त्यांनी ते सगळं उलगडून पुन्हा जोडलं. तिसऱ्या दिवशी त्यांना माझे ओठ हलताना दिसले.

"सिस्टर, तुम्ही मोजताय?"

मोजत होते ना! छातीवरच्या घड्याळाकडं बघून, मिनिटाला किती ते. टिकटिक कानावर पडली आणि नर्सनं मोजली नाही, असं होईल का? वर आकडा वाढला की घाबरत होते, आणि घाबरले की आकडा वाढत होता.

"अहो, मोजायला यंत्र आहे! तुम्ही नुसता श्वास सोडा." त्यांनी माझं घड्याळ काढायला लावलं आणि खणात चक्क कुलूपबंद केलं. तरी मी आणखी चार दिवस मनातल्या मनात मोजलंच, खोटं कशाला बोलू? मग एकदा कंटाळले आणि सोडून दिलं. काटा हळूहळू ऐंशीवर आला. डॉक्टरांना एवढा आनंद झाला की स्वतःच्या पैशानं साऱ्या स्टाफला चहा पाजला.

पंधराव्या दिवशी तोच फौजी परत आला. मी तीन बोटं नीट टेकवली.

"आज कुणाची मोजताय बाई? माझी का तुमची?"

"तुमचीच. चौऱ्याहत्तर."

"दोन वाढली की वं! तुमच्या हातात मनगट दिलं की भ्या वाटतंय गड्या."

एवढ्यात मोठे सर्जन हात धुवायला बेसिनपाशी आले. मी लांबून एक श्वास सावकाश सोडला. त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि मला जवळ बोलावून मनगट पुढं केलं.

"जरा बघा हो सिस्टर. ऑपरेशनच्या आधी रोज असंच धडधडतं."

मी पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. एकशेवीस. दचकून आधी माझा अंगठा कुठं आहे ते बघितलं. अंगठा लांब होता. नाडी त्यांचीच होती.

"सर, श्वास सावकाश सोडा," मी म्हणाले, "आणि मोजू नका."

त्यांनी शहाण्यासारखा सोडला. त्या दिवशी माझ्या हातून काही चुकलं नाही, आणि इनचार्जबाईंनी वॉर्डाचं नाव पुन्हा काढलं नाही. मी थिएटरातच राहिले, रिटायर होईपर्यंत. तो एकशेवीस मात्र मी कुठल्याच कागदावर लिहिला नाही.