आधी दुरुस्ती, मग आकडा

फिलू गेल्याचं तिच्या भावाने, डॉमनिकने, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पण तिला आकडा ऐकायचा होता!" तो रडत म्हणाला, "तेच म्हनत होती, ताई..."

माणिकपूरची फिलोमिना आणि मी, एकाच प्रयोगशाळेत उभा जन्म काढला. वेगवान न्यूट्रॉनांच्या अणुभट्टीत न्यूट्रॉन किती आहेत, हे आत डोकावून कळत नाही. म्हणून सोन्याचे चिमुकले पत्रे आत ठेवायचे, किरणोत्सारी झाले की बाहेर काढून मोजायचे. मेख अशी, की पत्र्याचा वरचा थरच काही न्यूट्रॉन गिळून बसतो, आतलं सोनं उपाशी! आकडा कमी येतो, तो दुरुस्त करावा लागतो. यात फिलूचा हात धरणारा कोणी नव्हता. मी तोच आकडा भट्टीला हात न लावता, नुसत्या गणिताने काढायची.

एकदा मात्र फजिती झाली. दुरुस्त्या करता करता तिचा आकडा माझ्या गणिताशी जुळला, आम्ही पेढे वाटले... आणि मग तिच्या लक्षात आलं, पत्र्याच्या कडांमधून शिरणाऱ्या न्यूट्रॉनांची दुरुस्ती राहूनच गेलीय! ती केली, तर आकडा हुकला. "उत्तर ठाऊक असलं ना सुनंदा, की माणूस सोयीच्या जागी थांबतो," ती म्हणाली. तेव्हापासून माझं गणित सुटलं की ही कानांत बोटं घालायची. "आधी माझं होऊ दे!" प्रयोगशाळेचे साहेब चिडायचे, पण दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी मांडायच्या क्षणाची आम्हाला काय चटक लागली होती म्हणून सांगू!

शेवटच्या प्रयोगावर नव्या भट्टीचा आराखडा अवलंबून होता. जुळलं नाही तर माझं गणित तरी चुकलं, नाहीतर तिची सगळी रीत. इस्पितळात मी म्हटलं, "सांगू का गं? सोड ना हट्ट." तिने सलाइनचा हातसुद्धा कानाकडे नेला. "कडांचं राहिलंय. तू नको करूस, तुला ठाऊक आहे. साहेबांना करायला लाव. मग सांग." दुसऱ्या दिवशी ती गेली.

साहेब कडांची दुरुस्ती करायला बसले. मी नुसती शेजारून गेले तरी कानांत बोटं! तिच्या महिन्याच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, दिवशी सकाळी त्यांनी फळ्यावर आपला आकडा लिहिला, म्हणाले, "लिहा तुमचा." मी खडू घेतला. लिहिला... आणि जुळला! साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. मी रडत होते, हसत होते, आणि तशीच डॉमनिकला फोन लावला.

"थांबा ताई," तो म्हणाला, "फोन फिलूच्या फोटोपाशी धरतो... हां, बोला आता."

मी अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिला आकडा सांगितला.