आकृती दोनमधले नामदेवभाऊ

विभागातले जुने कागद दर दिवाळीला आम्ही काढून टाकायचो. किस्से मात्र तसेच राहायचे, उलट दरवर्षी वाढायचे. वर्ध्यातला आमचा विभाग तोंडाच्या कॅन्सरवर काम करायचा. संशोधन ढगे सरांचं, फोटो आणि फॉर्म माझ्याकडे, आणि चहापासून पेशंटचे नंबर पुकारण्यापर्यंत बाकी सगळं नामदेवभाऊंकडे. आता यातले बहुतेक किस्से सांगताना हसू अर्ध्यावरच थांबतं, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

*

सोमवारी सकाळी सर आधी कॉम्प्युटर उघडायचे. जगात कुठल्याही संशोधकानं सरांच्या लेखाचा दाखला दिला की तिथला एक आकडा वाढायचा. नामदेवभाऊ चहाचा ट्रे घेऊन मागे उभे राहायचे, स्क्रीनकडे न बघता सरांच्या मानेकडे बघायचे.

"वाढला वाट्टे एक," असं मला म्हणून ते परस्पर कॅन्टीनला समोसे सांगायचे. सरांनी कधी तोंडानं ऑर्डर दिल्याचं मला आठवत नाही.

*

लेखावर विभागप्रमुखांचं नाव पहिलं टाकायची आमच्याकडे पद्धत होती. सरांना ती बोचायची, पण ते टाकायचे. एकदा प्रिंट काढताना नामदेवभाऊंनी ती नावं वाचली.

"ह्यायनं काय केलं जी ह्याच्यात?"

"ते हेड आहेत नामदेव."

"मंग चहा तं मी देऊन राह्यलो. माह्यं नाव काऊन नाई?"

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून प्रमुखांचं नाव टाइप करताना मी मनात 'चहा' म्हणायची.

*

सरांच्या सगळ्यात गाजलेल्या लेखाला एक फोटो हवा होता. कॅन्सर होण्याआधी गालाच्या आत पांढरा चट्टा येतो, त्याचा. गावोगावचे माझे फोटो हललेले. सर वैतागून बसले होते आणि नामदेवभाऊ गालात खर्रा धरून दारात उभे होते. तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा सोड म्हणून सर त्यांना रोज रागवायचे.

"थुंकून ये आणि तोंड उघड," सर म्हणाले.

चट्टा होता. अगदी पुस्तकात असावा तसा.

"काढा की फोटू. तोंडच तं हाय," नामदेवभाऊ म्हणाले. खाली बसून त्यांनी संमतीपत्रावर सावकाश सही केली. लेखात तो फोटो 'आकृती दोन' म्हणून छापून आला. बोरगाव मेघेला घरी नेऊन त्यांनी तो बायकोला दाखवला. वहिनी म्हणाल्या, "छापाचंच होतं तं चेहरा छापाचा. हे तोंड वळखन कोन?"

*

त्या लेखाला जगभरातून दाखले आले. समोशांचं वर्ष होतं ते! एकदा सरांनी सांगितलं, "नामदेव, तुझं तोंड ब्राझीलला पोचलं."

"पाहा आता," नामदेवभाऊ म्हणाले, "मले पुलगावच्या पुढं जाऊ देत नाई तुमी. सुट्टी मांगतली का काम आठवते तुमाले. अन् तोंड फिरून राह्यलं."

पुढे कितीतरी दिवस सर त्यांना 'ब्राझील' म्हणूनच हाक मारायचे.

*

हा किस्सा मी चहाच्या वेळी कधी सांगितला नाही.

चट्टा सापडलेल्या प्रत्येकाच्या फॉर्मवर पुन्हा तपासणीची तारीख लिहायची, ही आमची शिस्त. तारीख चुकली की मी फोन करायची. फोन लागला नाही तर माणूस पाठवायचा, आणि तो माणूस म्हणजे नामदेवभाऊ. ऊन असो, पाऊस असो, सायकलवर जाऊन ते लोकांना घेऊन यायचे. "तोंड दाखवाले काय लाज? मी तं छापून आणलं," असं सांगायचे. त्यामुळे कितीतरी जण वेळेवर तपासले गेले.

त्यांच्या स्वतःच्या फॉर्मवर तारखेच्या जागी मी लिहिलं होतं, 'रोज येतो.'

माझंच अक्षर आहे ते. मला वाटलं सर बघत असतील. सरांना वाटलं मी बघत असेन. दोघांच्याही समोर ते रोज चहा ठेवत होते. पुढे ते चहा गार करून प्यायला लागले. तर्री-पोहे आणले तर तिखट तर्री बाजूला ठेवून नुसते पोहे खायचे. बोलणंही कमी झालं. "भाऊ, मौन धरलंय का?" म्हणून मी चिडवलंसुद्धा. त्याची मला आजही शरम वाटते.

*

ऑपरेशननंतर आम्ही दोघं वॉर्डात गेलो. नामदेवभाऊंचा अर्धा जबडा काढलेला, बोलणं बंद. उशाशी लिहायला पाटी. सरांना पाहिल्यावर त्यांनी लिहिलं, 'वाढला का एक?' सरांनी होकारार्थी मान हलवली. त्या दिवशी कुणी समोसे सांगितले नाहीत.

तेवढ्यात शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आला. त्यातली एक पोरगी, नवीनच आलेली, फार मायाळू. आम्हाला ओळखत नव्हती. भाऊंच्या शेजारी बसून तिनं मोबाइलवर एक फोटो उघडला आणि त्यांच्यासमोर धरला. आकृती दोन.

"बाबा, सुरुवातीला हे असं दिसते. मोठ्या संशोधनातला फोटो आहे हा. तुम्ही असं असतानाच इथं यायचं होतं न. काऊन नाई आले?"

नामदेवभाऊंनी फोटोकडे बराच वेळ पाहिलं. मग सरांकडे, मग माझ्याकडे. पाटी पुसली आणि सहीसारखंच सावकाश लिहिलं, 'रोज येत होतो.'

तिनं ते वाचलं आणि त्यांच्या हातावर हात ठेवला.

"रोज कशाले बाबा," ती म्हणाली, "एकदा दाखवलं असतं तरी पुरलं असतं."