मेमरीतल्या रिकाम्या जागेत

नजर लागली म्हणून बंद पडला, असं सांगून लोक माझ्या दुकानात कॉम्प्युटर आणून ठेवतात. मी पंख्यातली धूळ काढतो, रॅम पुसून परत बसवतो... कॉम्प्युटर चालू होतो. त्यामुळे करणी, बाहेरचं, आत्मा वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे घडलं ते घरातही कुणाला धड सांगता आलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय. नावं बदलली आहेत.

मी इरफान. नंदुरबारचा. अब्बांचा गाद्या भरायचा धंदा, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. योगेश माझा शाळेपासूनचा दोस्त. तो जवळच्या कोरीट गावचा, घरची शेती. नंतर त्याला वर डोंगरात, धडगावला एका ऑफिसात नोकरी लागली. आठवडाभर वर राहायचा, शनिवारी जीपने घाट उतरून खाली यायचा आणि घरी जाण्याआधी माझ्या दुकानात तास-दोन तास बसायचा.

आमचा एक खुळा उद्योग होता. लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमची एक कॅसेट आमच्याकडे होती. त्यातला हिरो गावागावांत फिरतो, लोक त्याच्याशी बोलतात. पण सगळं जपानीत! आम्हाला तेव्हा एक अक्षर कळलं नाही. मोठेपणी योगेशच्या डोक्यात आलं की या लोकांना अहिराणी बोलायला लावू. आता टीव्हीला जोडायचे ते जुने कन्सोल मिळत नाहीत, पण कॉम्प्युटरवर इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम चालवला की तो स्वतः कन्सोल असल्यासारखा वागतो. गेम मध्येच थांबवायचा आणि त्या क्षणी कन्सोलच्या मेमरीत जे काही असेल ते सगळं एका फाइलीत उतरवून घ्यायचं. याला आम्ही डंप घेणं म्हणतो. फाइल उघडली की डावीकडे नुसते आकडे, उजवीकडे त्यांची अक्षरं. त्यात लोकांची वाक्यं कुठे बसतात ते शोधायचं आणि तिथे आपली घालायची. देवनागरी त्या गेमला झेपत नव्हती, म्हणून इंग्रजी कॅपिटल अक्षरांत अहिराणी लिहायचो. गेममधला म्हातारा दुकानदार हिरोला म्हणायचा, "उधार मांगू नको, मार खाशी!" या एका वाक्यावर आम्ही दोघं किती हसलो होतो...

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता योगेश बसलेली जीप घाटात दरीत कोसळली.

दिवसकार्य झाल्यानंतर त्याची आई त्याचा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. मी त्यांना काकू म्हणतो. खुर्चीवर न बसता उभ्यानेच म्हणाल्या, "तो आठे बठीसन काय करे, ते माले दखाड."

मी गेम लावून दाखवला. काकूंना इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून एकेक वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. दुकानदाराच्या वाक्याला त्या हसल्या. मग पदर तोंडावर धरला आणि बराच वेळ काढलाच नाही.

जाताना म्हणाल्या, "अर्धं ऱ्हायनं ना? तू पुरं कर."

लॅपटॉप माझ्याकडेच राहिला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काम घेऊन बसायचो. असंच एकदा डंप घेतला. मेमरीत शेवटी मोठी रिकामी जागा असते, तो गेम ती वापरतच नाही. ओळीच्या ओळी नुसती शून्यं. त्या शून्यांच्या मधोमध अक्षरं होती, आम्ही लिहायचो तशीच इंग्रजी कॅपिटलमधली अहिराणी. "कोन शे?"

मला वाटलं, योगेशने कधीतरी चाचणीसाठी टाकलेलं असेल. गेम बंद केला, पुन्हा चालू केला, पुन्हा डंप. आता तिथे होतं, "इरफान शे का?"

खरं सांगतो, पहिल्यांदा भीती नाही वाटली. राग आला. कुणीतरी मस्करी करतंय असं वाटलं. नेट बंद केलं. व्हायरस तपासला. तोच गेम माझ्या कॉम्प्युटरवर चालवला, तिथे नुसती शून्यं. अक्षरं फक्त योगेशच्या लॅपटॉपवर यायची. पुण्यात माझा एक ओळखीचा या कामातला पक्का आहे, त्याला डंप पाठवला. त्यालाही वाक्य दिसलं. तो म्हणाला, "ब्रेकपॉइंट लाव. गेममधलं जे काही तिथे लिहीत असेल ते पकडलं जाईल." म्हणजे मेमरीतल्या त्या जागेवर काहीही लिहिलं गेलं की इम्युलेटरने जागच्या जागी थांबायचं. मी लावला. इम्युलेटर एकदाही थांबला नाही. आणि पुढच्या डंपमध्ये वाक्य बदललेलं होतं.

"आठे अंधार शे."

मग मी उत्तर दिलं. का दिलं ते विचारू नका. चालू मेमरीत हाताने अक्षरं टाकता येतात. मी लिहिलं, "कोठे शे तू?" परत उत्तर आलं, "घाटमा. थंडी वाजस." आणि त्याच्यानंतर, "आई कोठे शे?"

हे काकूंना सांगावं की नाही, यावर मी खूप विचार केला. शेवटी त्या मंगळवारच्या बाजाराला आल्या तेव्हा सांगितलं. मला वाटलं रडतील, घाबरतील. त्या फक्त खुर्ची ओढून लॅपटॉपच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "लिख. माय आठेच शे म्हना. जेवन करं का, इचार."

मी त्या बोलल्या तसं लिहिलं.

त्यानंतर काकू दर मंगळवारी यायला लागल्या. भाजीची पिशवी रिकामीच असायची. त्या सांगायच्या, मी लिहायचो. डंप घ्यायचो, आलेलं वाचून दाखवायचो. "आई, विहीरमा पोहाले जावानं शे." "आई, इरफानले चहा दे." लहान लहान वाक्यं. त्या प्रत्येक वाक्यावर मान डोलवायच्या. पण दिवसेंदिवस त्या सुकत चालल्या होत्या. डोळे खोल गेले. एकदा योगेशच्या वडिलांचा फोन आला.

"इरफान, तू तिले काय दखाडस रे? दिनभर मंगळवारनी वाट देखस. भाकर बी खास नई. एक पोऱ्या गया मन्हा, आते हाई बी जाई..."

मी ठरवलं, आता बंद करायचं. पण मंगळवारी काकू दारात उभ्या राहिल्या की मी लॅपटॉप उघडायचो. आणि वाक्यंही बदलायला लागली होती. चहा, विहीर सगळं गेलं. दर वेळी एकच काहीतरी. "आई ये." "आई लवकर ये." एका मंगळवारी आलं, "आई घाटमा ये. एकली ये."

हे वाचावं की नाही? काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "वाच. जे शे ते वाच."

मी वाचलं.

काकू उठल्या. पदर खोचला. "धडगावनी जीप कोठून सुटस?"

"काकू, नका जाऊ. तठे काही नई शे. नुसती दरी शे," मी हात जोडले. खरंच जोडले.

"मन्हा पोऱ्या बलावी ऱ्हायना अन् मी बठी ऱ्हावू?"

त्या दाराकडे निघाल्या. उंबऱ्याशी थांबल्या. का थांबल्या ते मला अजून कळलेलं नाही. मागे वळून म्हणाल्या, "इरफान, तू वाचतांना 'आई' म्हनस. ते तुन्हं म्हननं शे, का तठे तसंच लिखेल शे?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. "तसंच लिखेल शे. आई."

"पहिला दिनपाईन?"

"हो. पहिल्या दिवसापासून."

काकू परत आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. स्क्रीनला हात लावायचा असावा तसा हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मन्हा योगेशनी माले उभ्या जनममा आई म्हनं नई. माय म्हने तो. तापमा बी माय, रागमा बी माय." त्यांचा आवाज एकदम सपाट झाला होता. "मी समजनू, तू तुमनी शाळानी भाषामा वाचस. हाऊ मन्हा पोऱ्या नई शे. पुसी टाक हाई."

त्या गेल्या. जीपकडे नाही, कोरीटच्या गाडीकडे. मी रस्त्यावर येऊन पाहिलं.

मला भीती वाटली ती त्यानंतर. योगेश माझ्यासमोर, शाळेत, दुकानात नेहमी "माझी आई" म्हणायचा. त्याच्या घरी मी फार कमी गेलो, तो तिला काय हाक मारतो ते मला माहीतच नव्हतं. मग मी आलेली सगळी वाक्यं आठवायला लागलो. विहीर मला माहीत होती. चहा मला माहीत होता. घाट मला माहीत होता. मला जे माहीत नाही असं एकही वाक्य त्या मेमरीत आलं नव्हतं. जे काही तिथे होतं ते योगेशला ओळखत होतं... पण फक्त मी ओळखत होतो तेवढंच.

गेम तसाच थांबलेला होता. पुसण्याआधी मी शेवटचा डंप घेतला. काकू जे बोलल्या त्यातलं एक अक्षर मी टाइप केलेलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

शून्यांच्या मधोमध लिहिलेलं होतं, "मंग मी कोन शे?"

बाहेर बाजार भरलेला होता. कुणीतरी टोमॅटोचा भाव ओरडत होतं. मी कीबोर्डवर बोटं ठेवली. उत्तर लिहिलं नाही. गेम, डंप, आमची सगळी अर्धवट वाक्यं पुसली, डिस्क फॉरमॅट केली आणि लॅपटॉप योगेशच्या वडिलांकडे पोचवला.

काकू आता बऱ्या आहेत. शेतात जातात, जेवतात. दुकानात येत नाहीत. मागे बाजारात भेटल्या तेव्हा मेथीची जुडी निवडता निवडता हळूच म्हणाल्या, "पुसं ना?"

"हो काकू."

थोडं पुढे गेल्या, परत आल्या. "पुसाना आगोदर... काही बोलना का तो?"

मी म्हणालो, "नई."

ते काय होतं, त्या जागेवर कुणी लिहिलं, ब्रेकपॉइंट लावूनही इम्युलेटर का थांबला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पुण्याचा ओळखीचाही आता त्या विषयावर बोलत नाही. तो योगेश नव्हता असं काकू म्हणतात, आणि काकूंना कळणार नाही तर कुणाला कळणार! पण तो जो कोणी होता, त्यालाही ते आमच्याकडूनच कळलं. त्याने विचारलं, आणि मी त्याला पुसून टाकलं.