रोज बातमी आणणारा खबरी

माझ्या पोलीस पाटीलकीच्या काळात मारामाऱ्या, हातभट्ट्या, बांधावरची भांडणं, बुडालेली माणसं हे सगळं येऊन गेलं. त्यातलं बरंचसं मी विसरले. एका घरातल्या बिघडलेल्या कम्प्युटरचं प्रकरण मात्र विसरले नाही. फिर्यादी खरं बोलत होता, संशयितही खरं बोलत होता आणि तरीही एका गरीब माणसाची नोकरी जायची वेळ आली होती. असं प्रकरण सगळ्यात जड जातं. एक जण खोटं बोलत असला तर काम सोपं असतं.

नावं कोणाचीच घेणार नाही. गाव बोईसर आणि समुद्र यांच्या मधलं आहे, एवढं पुरे.

पोलीस पाटील म्हणजे गावातला ठाण्याचा माणूस. गणवेश नाही, काठी नाही. माझे यजमान पाटील होते, त्यांच्यामागे ते काम माझ्याकडे आलं. शिक्षण सातवी. गावात काही घडलं की ते आधी माझ्या ओटीवर यायचं, मग ठाण्यात जायचं. बीट हवालदार फेरीला आला की भेटीच्या वहीत सही करायचा, चहा प्यायचा आणि विचारायचा, "काय विशेष?" बहुतेक वेळा मी म्हणायचे, "काही नाही." त्याला ते उत्तर फार आवडायचं.

लग्नसराईचे दिवस होते. सकाळी भांडी घासत होते, तेवढ्यात एक काका आले. शाळेत कारकून होते, निवृत्त झालेले. चिकूची वाडी आहे, मधल्या घरात कम्प्युटर आहे. गावातल्या लग्नपत्रिका तेच टाईप करून द्यायचे, फुकट. त्या वर्षी मशीन इतकं मंद झालं होतं की एक अक्षर दाबून चहा पिऊन यावं. मध्येच बंद पडायचं. एकदा तर गेल्या वर्षीचा नवरदेव यंदाच्या नवरीसमोर छापून आला होता आणि दोन घरांत बोलाचाली झाली होती.

काका ओटीवर बसलेसुद्धा नाहीत.

"पाटीलबाई, माझ्या घरात चोर शिरलाय."

"काय नेलं?"

"नेलं काय ते कळत नाय. भिंतीतून नाय शिरला, कम्प्युटरमदून शिरला. मशीन स्वता सांगतं हाय. रोज सांगतं, कोणीतरी आत घुसून तुमची माहिती बघतोय."

"मग संशय कोणावर?"

"दुसरा कोण बसतो त्या मशीनवर? मागच्या खोलीतला."

मागच्या खोलीत त्यांचा भाडेकरू होता. उत्तर प्रदेशातला, तिशीचा, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. रविवारी काकाच त्याला कम्प्युटरवर बसवायचे. गावाकडची पोर त्याला मोठ्या पडद्यावर दिसावी म्हणून. काका वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून टाकते. शाळा सुरू व्हायच्या आत तो बायको आणि पोरीला इथे आणणार होता. पोरीचं नाव गावच्या शाळेत घालायचं ठरलं होतं. त्याने जुना पलंग घेऊन धुऊन वाळवायला टाकला होता, तो मी येताजाताना पाहिला होता.

"त्याच्या सुपरवायझरला मी काल फोन केला," काका म्हणाले. "गेटपास थांबवलाय त्यांनी. पोलिसांचं काय ते कळू दे म्हणाले. आता तुमी जबाब घ्या, मी ठाण्यात तक्रार देतो. आणि खोली आजच्या आज खाली करायला सांगतो."

तक्रारीत नाव आलं की ठेकेदार पुढचा विचार करत नाही. गेटपास गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की खोली गेली. बायको आणि पोर गाडीत बसायच्या तयारीत.

"आज कोणी कायपण खाली करायचं नाय," मी म्हटलं. "आदी चौकशी."

दुपारी भाडेकरूला ओटीवर बोलावलं. लबाड माणूस विचारलं तेवढंच सांगतो, तेही घासून-पुसून. घाबरलेला माणूस न विचारलेलं सांगतो. मी फक्त विचारलं, "काकांच्या घरात काय केलंस?" तर तो हात जोडून म्हणाला, "चाचीजी, दो आम लिए थे. पेड़ से नहीं तोड़े, नीचे गिरे हुए थे."

आंब्याचं कोणी विचारलंच नव्हतं.

"कम्प्युटर का बोल," मी म्हटलं. माझं हिंदी बोईसरच्या बाजारातलं आहे, पण काम भागतं.

"मैं तो बस बिटिया से बात करता हूँ. बीच में लाल डिब्बा आ जाता है. चाचा उसको दबाते हैं, तो दो और आ जाते हैं."

दाबतात काका. हे मी डोक्यात ठेवलं आणि घटनास्थळ पाहायला गेले. जागा बघितल्याशिवाय मत करायचं नाही, हे मला जुन्या जमादारांनी शिकवलं होतं.

मशीनसमोर स्टूल टाकून बसले. मला इंग्रजी येत नाही, पण आरडाओरडा करणारा माणूस कोणत्याही भाषेत ओळखू येतो. थोड्या वेळाने घंटा वाजली आणि कोपऱ्यात लाल ढाल आली. काकांनी वाचून दाखवलं. शेकडो चुका सापडल्या आहेत, कोणीतरी तुमच्यावर नजर ठेवून आहे, आत्ताच सफाई करा. ते वाचून होतंय तोवर दुसरा चौकोन आला, त्याच्यामागे तिसरा.

"हा कोण?"

"हा दुसरा सफाईवाला. पैल्याने काम नाय केलं म्हणून टाकला. आता हा सांगतोय का पैला धोकादायक हाय."

"आणि तो तिसरा?"

"तो दोघांनापण धोकादायक बोलतो."

"कुटून आणलेत हे तिघं?"

"जाहिरात आली व्हती. तुमचं मशीन मंद झालंय का, फुकट तपासा. मंद तर झालंच व्हतं."

म्हणजे राखणदारावर राखणदार ठेवले होते आणि तिघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. मी साक्षीदाराला विचारतात तसं काकांना विचारलं.

"हा रोज सांगतो?"

"रोज. दिवसातून चार वेळा."

"कदी बोलला का, आज काय नाय, सगळं ठीक हाय?"

"नाय. तसं कदीच नाय बोलला."

"आणि शेवटी काय मागतो?"

"पूर्ण सफाई पायजे तर पैसे भरा बोलतो."

मला आमच्या ठाण्याचा एक खबरी आठवला. मी नवी असतानाची गोष्ट. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत हातभट्टी लागायची, त्याची बातमी तो आणायचा. बातमीमागे चहापाणी मिळायचं. पुढे तो रोजच येऊ लागला. शिपाई चिखलात उतरून थकले, हाताला काही लागेना. तेव्हा जमादारांनी त्याला सांगितलं, पलीकडच्या बंद मिठागरावर नजर ठेव. त्या मिठागराचा बांध फुटला होता आणि आत कमरेएवढं पाणी होतं, हे जमादार स्वतः पाहून आले होते. दुसऱ्या दिवशी खबरी हजर. "साहेब, तीन माणसं, दोन पिंपं, चूल पेटलेली." जमादारांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, परत येऊ नकोस.

मी काकांना म्हटलं, "मशीन उचला. बोईसरला जायचं."

मोठा डबा चादरीत गुंडाळून काका शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसले. शेजारी मासळीची रिकामी टोपली घेऊन एक बाई होती. तिने चादरीकडे पाहून विचारलं, "काय आजारी हाय का?"

"हां," काका म्हणाले.

"मग तोंड तरी उगडं ठेवा त्याचं."

स्टेशनजवळ एक बाई कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. तिने मशीन लावलं आणि एका नजरेत म्हणाली, "काका, हे तिन्ही काढून टाका. घाबरवून पैसे मागायचा धंदा आहे हा."

"तुमी तसंच बोलणार," काका म्हणाले. "तुमचापण धंदाच हाय."

बाईला राग आला, पण काकांचं म्हणणंही चूक नव्हतं. एका सफाईवाल्याने दुसऱ्याला खोटं म्हटलं, एवढ्याने काय सिद्ध होतं? मी दुकानात नजर फिरवली. कोपऱ्यात एक नवा खोका होता.

"तो कोणाचा?"

"दुकानासाठी मागवलाय. अजून उघडलापण नाही."

"उगड. आणि ह्यातला पैला सफाईवाला त्यात सोड."

"मावशी, कोऱ्या मशीनमध्ये काय सापडणार?"

"तेच बगायचंय."

"मग नंतर मलाच साफ करावं लागेल."

"कर की. दुकान तुझंच हाय."

तिने कुरकुरत खोका फोडला. मशीन लावलं, सुरू केलं, तो कार्यक्रम आत घातला. हिरवी पट्टी इकडून तिकडे धावली. मग घंटा वाजली. लाल ढाल.

"काका, वाचा."

काकांनी वाचलं. शेकडो चुका. कोणीतरी तुमच्यावर नजर ठेवून आहे. आत्ताच सफाई करा.

"खोका कोणासमोर फोडला?"

"आपल्यासमोर."

"मग ह्याच्यात कोण शिरलं? ह्याला तर भाडेकरू नाय."

काका चष्मा पुसून पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "परत एकदा लावा." बाईने परत लावला. या वेळी चुका आणखी वाढल्या होत्या. दुकानवाली हसली. काका हसले नाहीत.

मग खरी दुरुस्ती झाली. तिन्ही सफाईवाले बाईने मुळापासून काढले. सुरू होतानाच आपोआप उठणारे नको ते कार्यक्रम बंद केले. मशीनसोबतच आलेलं एक साधं सफाईचं साधन असतं, ते चालवलं. त्याने मुकाट्याने कचरा काढला, किती जागा मोकळी झाली ते सांगितलं आणि गप्प बसलं. सफाईचं सगळंच सॉफ्टवेअर वाईट, असं मी म्हणत नाही. काम करणारं आणि ओरडणारं यांतला फरक मी त्या दिवशी पाहिला.

आतली जागा भरली होती ती फोनवरून उतरलेल्या सुप्रभातच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी.

"ते नका काडू," काका म्हणाले. "लोकांनी प्रेमाने पाठवलेत."

"काका, हा एकच गणपती साठ वेळा आहे."

"एक ठेवा."

शेवटी तिने डबा उघडला. आमच्याकडची हवा खारी. पंख्यावर ओलसर धुळीचा थर बसला होता आणि खाली पालीची अंडी. ब्रशने सगळं झाडलं, पंखा मोकळा झाला. मशीन सुरू केलं तर काकांनी चहाचा कप उचलायच्या आत पडदा उघडला.

परत येताना काका म्हणाले, "सुपरवायझरला फोन करून सांगतो."

"फोन नाय. त्याला चोर बोललात ते गेटवर सगळ्यांना कळलंय. परत घ्यायचं तेपण गेटवरच."

"पाटीलबाई, या वयात?"

"बोलताना वय नाय आडवं आलं."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटायच्या वेळेला आम्ही कारखान्याच्या गेटवर उभे राहिलो. बाहेर पडणारी माणसं थांबून बघायला लागली. काका सुपरवायझरला मोठ्याने म्हणाले, "माझी चूक झाली. हा माणूस चोर नाय. माझं मशीन खोटं बोललं आणि मी ते मानलं." मी पाटील म्हणून तसं लिहून सही केली. गेटपास मिळाला. भाडेकरू माझ्याजवळ आला आणि हळूच विचारू लागला, "चाचीजी, आम वाली बात इनको बताई क्या?"

"नाय सांगितली."

तो निघून गेला. मी पुढच्या फेरीला हवालदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे गुन्हा नाहीच." मी म्हटलं, "होता. पण आरोपी तुमच्या कोठडीत मावणारा नाही."

या प्रकरणाने मला एक शिकवलं. खबर आली की ती खरी की खोटी हे नंतर बघावं. आधी हे बघावं की ज्या दिवशी काहीच घडत नाही, त्या दिवशी हा खबरी काय सांगतो. "काही नाही" असं म्हणायची ज्याला सोय नाही, त्याच्या शब्दावर कोणाची भाकरी काढून घेऊ नये. समोर बसलेला माणूस हात जोडून सांगतो ते आपण ऐकत नाही आणि लाल रंगात उमटलं की लगेच खरं मानतो. काकांना इंग्रजी वाचता येत होतं म्हणून ते फसले असंही नाही. मशीन अडलं होतं, पत्रिका अडल्या होत्या, आणि अडलेल्या माणसाला जो पहिला उत्तर देतो तो खरा वाटतो.

जूनच्या आधी भाडेकरूची बायको आणि पोर आली. पोरीचं नाव शाळेत घातलं. पुढच्याच वर्षी मी निवृत्त झाले. परवा वाडीवरून जाताना काका दिसले.

"काय बोलतो तुमचा कम्प्युटर?"

"काय नाय बोलत तो," काका म्हणाले. "पण पाटीलबाई, आता खरंच कोणीतरी घुसलंय त्याच्यात."

मी आत डोकावले. दोन उशा एकावर एक ठेवून पोर खुर्चीवर बसली होती आणि पडद्यावर जांभळ्या रंगाची बकरी काढत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"तक्रार घेऊ का?"

"नको," काका म्हणाले. "बकरी होऊ दे तिची. मग पत्रिका करायची हाय."