ताईचा उपास आणि माझी हिरवी वाट

ताईच्या सासरी माझा फोटो आहे. भिंतीवर नाही, त्या घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. फोटोत मी कमरेइतक्या चिखलात उभा आहे, डोक्यावर हेल्मेट आहे आणि हेल्मेटवर एक जांभळं फूल आहे. (फूल मी लावलेलं नाही. ते आपोआप आलं.)

सुरुवात माझ्या शुगरपासून झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी विचार केला, चालायचं तर कुणीही चालतं! म्हणून मी इलेक्ट्रिक सायकल घेतली. मागं चांगली रुंद सीट, पुढं टोपली, आणि कुणी चोरायला हात लावला तर बोंबलणारा अलार्म. पॅडल मारायची सोय होती, पण ती मी ओळखीचं माणूस समोरून आलं तरच वापरायचो. सकाळी सकाळी हिमायत बाग, हर्सूलचा तलाव, साताऱ्याचा डोंगर (आमच्या शहराला लागून असलेला, तो लांबचा सातारा नव्हे), सगळीकडं मी पोचायला लागलो. पुढं सायकल आणि मागं सूर्य, असे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज टाकायला लागलो. उस्मानपुऱ्यातले शेजारी मला लांबून बघून जिना चढायला लागले, कारण मी दिसलो की निसर्गाबद्दल बोलायचो. शुगर होती तिथंच राहिली. फक्त ती आता माझ्याबरोबर निसर्गात फिरून यायला लागली.

आता ताईचं सांगतो. ताई माझ्याहून मोठी. तिला दिलंय चिकलठाण्याच्या पलीकडं, नदीकाठच्या एका गावात. घर शेतीवाडीचं, भरलेलं, मानपान सांभाळणारं. अंतर म्हणाल तर काहीच नाही, पण पंचमीला लेक माहेरी यायची तर भावानं न्यायला जायचं, हा तिकडचा कायदा. तेही आदल्या दिवशी, चतुर्थीला. त्या दिवशी बहिणी भावाच्या आयुष्यासाठी उपास धरतात. गेल्या वर्षी श्रावण लागला आणि ताईचा फोन आला.

"बाळ्या, चवथीला मला न्यायला ये."

"येतो की."

"नुसता येऊ नको. गाडी घेऊन ये! थोरल्या जाऊबाईचा भाऊ त्याच दिवशी येतोय पिशोरहून. नवी गाडी घेतलीय त्यानं, ट्रॅक्टरएवढी उंच. मागच्या साली तू रिक्षानं आलास, तवापासून ती मला 'रिक्षावाल्याची बहीण' म्हणती. लेकरांसमोर!"

"ताई, यंदा तुझी मान अशी ताठ करतो की बघच तू," मी म्हणालो.

माझ्याकडं गाडी आहे बरं का! पण चतुर्थीला सकाळीच माझे मेहुणे माझ्या बायकोला न्यायला आले. आले एसटीनं आणि गेले माझ्या गाडीनं. मान त्यांचा, डिझेल माझं! मी अंगणात उभा राहून हात हलवला, आणि हात खाली येता येता माझी नजर सायकलवर पडली. म्हटलं, नवी तर ही पण आहेच की! त्या पिशोरवाल्याच्या गाडीचा धूर निघतो, हिचा तोही निघत नाही. मला हे इतकं पटलं की मी सायकल पुसायला घेतली.

आईनं दारातून बघितलं. "अरे, बहिणीला सायकलवर आणतोस? ती काय दळण हाय का?"

"आई, ही इलेक्ट्रिक आहे."

"दळणच ते. विजेवरचं."

ताईच्या अंगणात ती पांढरीशुभ्र गाडी उभी होती. लिंबू-मिरची बांधलेली, खरोखरच उंच. शेजारी बाजेवर जाऊबाईंचे भाऊ सर्जेराव चहा पीत बसलेले. माझ्या सायकलीचा आवाज होत नसल्यामुळं मी आलोय हे कुणालाच कळलं नाही. शेवटी मीच खोकलो. तेवढ्यात ताई नवी कोरी बिस्किटी रंगाची साडी नेसून बाहेर आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सासूबाईंनी आईसाठी दिलेला खव्याचा डबा. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं बघितलं, मग रस्त्यापर्यंत बघितलं.

"गाडी कुठं लावली?"

"हीच."

ताईचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. थोरल्या जाऊबाई मात्र हातातलं टाकून ओसरीवर धावत आल्या. "अगं बाई! मामा सायकलवर आले! आता रिक्षा पण परवडंना का?"

सर्जेराव माणूस चांगला. ते म्हणाले, "चला की आमच्या गाडीत. वाटंनंच हाय, उस्मानपुऱ्यात सोडतो तुम्हाला."

आणि माझी ताई, जिच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी होतं, ती ताठ मानेनं म्हणाली, "नको दादा. ही इलेक्ट्रिक हाय. लई भारी असती. पुण्याकडं मोठमोठे साहेब लोक हीच वापरतात." आणि पदर खोचून मागच्या सीटवर बसली! माझा ऊर भरून आला. फाटकाबाहेर पडल्यावर तिनं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की सायकल आपोआप वेगात गेली.

"मुडद्या! आता गावातून नको नेऊस मला. मागल्या वाटंनं चल. कुणाला दिसायला नको."

मला तेच हवं होतं! मागची वाट म्हणजे नाल्याकाठची हिरवी वाट. दोन्ही बाजूंनी बाभळी, तरवडाची पिवळी फुलं, वर भुरके ढग. मी ताईला निसर्ग दाखवायला सुरुवात केली. "तो बघ वेडा राघू. हा बघ खंड्या."

"बाळ्या, सकाळपासून पोटात अन्न नाय. तुझ्या आयुष्यासाठी उपास धरलाय मी. पक्षी नको दाखवू, घरी ने."

पुढं बाभळी संपल्या आणि मी ब्रेक दाबला. समोर हिरवंगार, सपाट, मोठ्ठं मैदान! आणि त्यावर जांभळ्या फुलांचे तुरेच तुरे! मैदानाच्या पलीकडं बांधावरून जाणारा डांबरी रस्ता स्पष्ट दिसत होता. आमची वाट मात्र त्या मैदानाला लांबून वळसा घालून जात होती. का जात होती, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

"ताई, बघितलंस? लोक फुलं बघायला कासच्या पठारावर जातात! आणि आपल्या चिकलठाण्यामागं हे असं पडलंय, कुणाला पत्ताच नाही!"

"हे पठार हाय?"

"मग काय! ते बगळे बघ, कसे चालतायत. आणि तो लांब बोटांचा पक्षी बघ, तोसुद्धा चालतोय. पक्षी चालतायत म्हणजे जमीन आहे." (त्या पक्ष्याला कमळपक्षी म्हणतात, आणि तो पाण्यावरच्या पानांवरच चालतो, हे मला नंतर समजलं. पण त्याचा फोटो मात्र मी तेव्हाच ग्रुपवर टाकला होता.) "आपण आडवं कापू. दोन मिनिटांत डांबरी!"

मी मूठ पिरगाळली. सायकल झपाट्यानं उतारावरून निघाली.

"बाळ्या," मागून ताईचा आवाज आला, "ही जमीन हलती का रे?"

"वाऱ्यानं."

मी एवढंच बोललो आणि आमच्याखालची जमीन गेली! आवाज नाही, आदळणं नाही. सायकल आपली सावकाश, अगदी अदबीनं खाली बसली. आधी टोपली दिसेनाशी झाली, मग हँडल, मग माझे गुडघे, मग ताईची बिस्किटी साडी. पाय चिखलाला टेकले तेव्हा हिरवी पानं आमच्या कमरेशी होती आणि आम्ही दोघं एकामागं एक, सायकलवर बसल्यासारखे, पण सायकलीशिवाय उभे होतो. माझी तर वाचाच बसली. पठारात पाणी कसं, हाच प्रश्न मी मनातल्या मनात विचारत राहिलो.

ताईची वाचा मात्र शाबूत होती.

"मी तुझ्या जिवासाठी उपाशी! आणि तू माझ्या जिवावर उठलास? जळ्ळं तुझं ते पठार! माझी साडी! सासूबाईंचा खवा!"

खव्याचा डबा तरंगत चालला होता. त्यावर एक बगळा येऊन बसला आणि आमच्याकडं बघायला लागला.

तेवढ्यात बांधावरच्या रस्त्याकडून गाडीचा आवाज आला. आम्ही दोघांनी एकदमच मान वळवली. पांढरी, उंच, लिंबू-मिरचीवाली! मी हात वर करून ओरडणार, तोच ताईनं माझा हात खाली ओढला.

"गप! खाली बस!"

"ताई, आपण बुडतोय!"

"बुडलो तरी चाललं! तिला दिसायला नको!" असं म्हणून माझी उपाशी बहीण गळ्याइतक्या पाण्यात खाली बसली आणि चार पानं ओढून तिनं डोक्यावर घेतली. बहिणीचा शब्द मोडवला नाही. मीही बसलो. (हेल्मेटवर फूल आलं ते इथं.) गाडी हळूहळू समोरून पुढं गेली. ताईनं सुस्कारा सोडला.

आणि पाण्याखालून सायकल बोंबलली! चोराचा अलार्म! पाणी शिरल्यावर तिला वाटलं असावं, आपल्याला कुणीतरी पळवून नेतंय. पाण्यातून तो आवाज असा यायला लागला की बगळे उडाले, कमळपक्षी उडाला, आणि गाडी थांबली. ती मागं मागं येऊन बरोबर आमच्यासमोर उभी राहिली. काच खाली झाली.

"धाकटे?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. "तूच का गं ती? काय करती तिथं?"

डोक्यावर पानं घेतलेली ताई शांतपणे म्हणाली, "काय नाय. जरा थांबलोय."

सर्जेराव धोतराचा सोगा वर खोचून उतरले. त्यांनी गाडीतून दोर काढला, आधी ताईला ओढलं, मग मला, मग बोंबलणाऱ्या सायकलीला. जाऊबाई बांधावरून घसरत खाली आल्या. मला वाटलं, आता ह्या ताईला बोलणार. पण त्यांनी ताईचा तो अवतार बघितला, तोंडाला पदर लावला आणि त्यांना हसू आवरेना! हसता हसता त्यांनी स्वतःच्या बॅगेतली पंचमीची साडी काढली, गाडीच्या आडोशाला चादर धरली आणि ताईला नेसवली. चादरीमागून आधी एकीचंच हसणं येत होतं. मग दोघींचं यायला लागलं.

सर्जेराव माझ्याकडं बघत होते. अलार्म चालूच होता.

"मामा, जलपर्णी हाय ती. पाण्यावर वाढती. दिसलं नाय व्हय?"

"मला वाटलं, पठार आहे."

"व्हय व्हय. तुम्ही शहरातली माणसं, तुम्हाला पाण्यातलं कसं कळावं?" ते समजुतीनं म्हणाले. "नोकरीला कुठं असता?"

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "मी... पाटबंधारे खात्यात."

नेमका त्याच क्षणी अलार्म बंद पडला! इतकी शांतता झाली की चादरीमागचं हसणंसुद्धा थांबलं. मग सर्जेरावांनी अत्यंत आदरानं मोबाइल काढला आणि म्हणाले, "मामा, जरा परत तिथं चिखलात उभं राहता का? घरी कुणाचा इस्वास बसायचा नाय."

आणि मी राहिलो. उपकाराखाली दबलेला माणूस दुसरं काय करणार!

आम्ही घरी आलो ते असे: पुढं सर्जेराव, मधल्या सीटवर दोघी जावा एकमेकींच्या हातावर टाळ्या देत, टपावर सायकल, आणि सगळ्यात मागं पेपर अंथरून मी. आईनं आधी सर्जेरावांवरून भाकरतुकडा ओवाळला, मग ताईवरून. माझ्यावरून पाण्याचा पाइप फिरवला. सायकल दुरुस्तीला टाकली, तर दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा फोन. "साब, इसमें बॅटरी किधर है? मेरेको तो मच्छी मिली."

यंदाच्या चतुर्थीला मी पहाटेच गाडीची किल्ली उशाखाली घेऊन तयार होतो. ताईला फोन केला, "निघतो गं न्यायला."

"तू नको येऊ. जाऊबाईसंगं येते मी. सर्जेदादा सोडणार हायेत."

आता तिथं तिला रिक्षावाल्याची बहीण कुणी म्हणत नाही. जाऊबाई तिला सारख्या जवळ घेतात, कारण माझ्यावर हसायला दोघी लागतात. तरी मला जरा वाईट वाटलं. मी चाचरत विचारलं, "ताई, उपास तरी माझ्यासाठीच धरलास ना?"

"धरलाय की," ताई म्हणाली. "पण यंदा सर्जेदादाला पुढं बसवलंय. तू मागं बस. कॅरिअरवर."